डोनलचा एप्रिल

मित्रांनो, मी शुभदाच्या डाव्या हातातला बेसबॉलचा ग्लव्ह. आता म्हातारा झालो आहे. शिवण उसवत चालली आहे आणि अंगठ्याजवळचं चामडं काळं पडलं आहे.

माझा जन्म जालंधरचा. जळगावच्या कॉलेजात शुभदा सॉफ्टबॉल खेळायची, तेव्हा मी तिच्या वाट्याला आलो. १९९८ साली ती नवऱ्याबरोबर, ज्ञानेशबरोबर, आयर्लंडमध्ये लिमरिकला निघाली. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात तिला इंजिनिअरची नोकरी मिळाली होती. बॅगेचं वजन जास्त भरलं, तेव्हा ज्ञानेश म्हणाला, "हा ग्लव्ह तरी राहू दे. तिथे कोण खेळतंय?"

शुभदाने लोणच्याची बरणी बाहेर काढली आणि मला आत ठेवलं. एवढा मान मला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

पुढच्याच वसंतात कारखान्यामागच्या मैदानावर तिला काही माणसं बेसबॉल खेळताना दिसली. डोनल नावाचा एक पोस्टमन त्यांचा कॅप्टन होता. तरुणपणी तो मजुरीसाठी बॉस्टनला गेला होता आणि हा नाद घेऊन परतला होता. शुभदा मला घालून त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने चेंडू अगदी हळू टाकला.

"जरा जोरात टाका ना," ती म्हणाली.

त्याने टाकला. सट्टकन आवाज झाला. माझा तळवा झणझणला.

"ग्रँड!" डोनल हसला. "फर्स्ट बेसची जागा तुझी."

मग दरवर्षी मार्चमधला सेंट पॅट्रिक्स डे उलटला की आमच्या घरात चुळबूळ सुरू व्हायची. शुभदा मला खोबरेल तेल चोळायची, आकार नीट बसावा म्हणून माझ्या पोटात चेंडू ठेवून ओढणीने बांधायची आणि गादीखाली सरकवायची. ज्ञानेश कुरकुरायचा, पण पहिल्या सामन्याचे डबे तोच भरायचा. मैदानावर डोनल चुन्याच्या रेघा मारायचा, पाऊस त्या पुसायचा, तो पुन्हा मारायचा. आदल्या वर्षी आम्ही जवळजवळ सगळे सामने हरलेले असायचो, तरी एप्रिलमधल्या त्या रविवारी प्रत्येकाला वाटायचं, यंदा आपणच!

पुढे मुक्ता झाली आणि शुभदाचं खेळणं सुटलं. मी प्रेसमध्ये गेलो. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. कितीतरी एप्रिल आले आणि गेले. दार उघडलं की मी आशेने बघायचो, पण तिचा हात इस्त्रीकडे जायचा. माझं चामडं वाळलं, बोटं ताठरली.

२००७ च्या वसंतात तिने मला अचानक बाहेर काढलं आणि छातीशी धरलं. डोनलला पक्षाघाताचा झटका आला होता. डावा हात हलत नव्हता. ती भेटायला गेली, तेव्हा त्याने एकच विचारलं होतं, "पहिल्या सामन्याला येशील ना?"

त्या रविवारी डोनल चाकाच्या खुर्चीत बसून मैदानावर आला. शुभदाला जवळ बोलावून म्हणाला, "तो ग्लव्ह मला घाल."

तिने मला त्याच्या डाव्या हातात घातलं. हात गार होता आणि जड. तिने चार पावलांवरून हलकेच चेंडू टाकला. तो खाली पडला.

"मम्मी, त्याने बॉल ड्रॉप केला!" छोटी मुक्ता ओरडली. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"पुन्हा टाक," डोनल म्हणाला.

पुन्हा पडला. शुभदाचे डोळे भरले. "राहू दे, डोनल."

"टाक, म्हणतो ना!"

या वेळी त्याने उजव्या हाताने मला उचलून छातीशी धरलं. चेंडू आला. माझी ताठरलेली बोटं जेवढी मिटतील तेवढी मी मिटली आणि वरून त्याने उजवा हात दाबला. चेंडू राहिला!

"आता खेळा रे," डोनल म्हणाला.

शुभदा दुसऱ्याचा ग्लव्ह मागून फर्स्ट बेसवर धावली. तो सामना आम्ही हरलो.

त्या दिवसापासून मी डोनलकडेच असतो. डाव्या हातात पुन्हा ताकद यावी म्हणून तो रोज माझ्यात चेंडू धरून दाबतो. मित्रांनो, आवडीच्या वस्तू कपाटात नुसत्या जपून ठेवल्या की आतून वाळतात. त्या काढा, वापरा. आणि त्या हातात घेऊन तुम्ही ज्याच्याबरोबर खेळत होता, तो कसा आहे, हे एकदा जाऊन बघा.