लाल मुठीचा विळा

मित्रांनो, अवजारांच्या खोलीत खिळ्याला टांगलेला, लाल मुठीचा जुना विळा तो मीच. लोहाराने मला घडवलं, तेव्हा माझी मूठ साध्या लाकडाची होती आणि माझ्या धारेचं चारचौघांत कौतुक होई.

माळीकाकांनी मला आणलं ते एका बंद कारखान्याच्या आवारात. तिथे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडत. त्यांतलं शिसं मातीत मुरलं होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण पोटात गेलं की लहान मुलांच्या डोक्यावर घाला घालतं. एवढी माती खणून नेणार तरी कुठे? म्हणून प्रयोगशाळेतल्या ताईंनी तिथे सूर्यफुलं लावली. त्यांची मुळं पाण्याबरोबर थोडं थोडं शिसंही ओढून घेतात. मग झाडं उपटायची, मी त्यांचे तुकडे करायचे, पोत्यांत भरून तोंडं शिवायची आणि गाडीने ती विषारी कचऱ्याच्या बंदिस्त जागी न्यायची. पुन्हा नवी पेरणी. कंटाळवाणं काम, पण मला त्याचा अभिमान होता.

माझी मूठ ताईंनीच लाल रंगवली. म्हणाल्या, "काका, लाल खूण असलेलं काही फाटकाबाहेर न्यायचं नाही. आणि या झाडांची तर काडीसुद्धा नाही."

"काडी काय करायचीय मला? दात कोरायला?" काका हसले. मीही मनात हसलो.

काका मनाने सोन्यासारखे, पण भारी काटकसरी. सुतळीचा तुकडासुद्धा खिशात जपून ठेवत. त्यांची आठ वर्षांची नात दुपारी डबा घेऊन यायची आणि फाटकाबाहेरूनच ओरडायची, "आजोबा, सतराचा विचारा!" मग एका दमात अख्खा पाढा म्हणून दाखवायची. काकांची छाती अशी फुगायची की सदऱ्याच्या गुंड्या तुटतात की काय असं वाटे.

चौथ्या वर्षी गाडी यायला फार उशीर झाला. कापलेले दांडे आवारातच वाळले. थंडीही कडाक्याची होती. काकांनी पानं-फुलं पोत्यांत भरली, पण दांड्यांशी हात अडखळला. "हिरवं होतं तोवर विष. आता खडखडीत वाळलंय, त्यात काय उरलंय?" ते पुटपुटले. मीच ते दांडे चुलीच्या मापाचे तोडून दिले. नियमाप्रमाणे मला खिळ्याला अडकवून काका मोळी घेऊन घरी गेले. थंडी संपेपर्यंत रोज एक मोळी गेली.

पुढे नात येई, पण पोट धरून. पाढा म्हणता म्हणता थांबे. "आजोबा, पुढचं सापडत नाही."

तिचं रक्त तपासलं. कागद घेऊन ताई याच खोलीत आल्या.

"काका, घरी चुलीत काय जाळता?"

"ते दांडे... पण वाळलेले होते, ताई."

"वाळल्यावर पाणी उडतं, काका. शिसं नाही. ते धुरात जातं, राखेत उरतं."

"त्या राखेनंच सूनबाई भांडी घासते," काका म्हणाले. "म्हणजे मीच विष वाढलं की हो पोरीच्या ताटात."

मित्रांनो, मला त्या दिवशी स्वतःच्या धारेची लाज वाटली. सूर्यफुलांनी आपलं काम चोख केलं होतं. मातीतलं विष पोटात घेऊन ती उभी राहिली होती. पण विष जागेवरून हललं म्हणजे संपलं, असं नसतं. ज्यांनी तुमच्यासाठी ते उचललं, त्यांना शेवटपर्यंत नीट पोहोचवा. अगदी काडीसुद्धा मागे ठेवू नका, एवढंच मागणं आहे.

आता माती बरीच सुधारली आहे, असं ताई सांगतात. नातीवर उपचार चालू आहेत. गेलेलं सगळं परत येईलच, असं मात्र त्या म्हणत नाहीत. काका खाली पडलेलं पानन्‌पान वेचून पोत्यात भरतात. दुपारी नात येते. काका हल्ली पाढा विचारत नाहीत, तीच आपणहून सुरू करते.

"सतरा त्रिक एक्कावन्न... सतरा चोक..."

ती थांबते. मग फाटकाच्या आतून काका हळूच म्हणतात, "अडुसष्ट, बाळा. अडुसष्ट."