साजाला पाय

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला राजेश्वरअप्पांनी काउंटरवरचे तीन पेडल हाताने बाजूला सारले आणि त्या जागी एक चपटा काळा डबा ठेवला. डबा व्हीसीआरएवढा होता. पुण्याच्या ट्रॅव्हल्सने आलेला, पहाटे मांजरसुंब्याच्या चौकात उतरवून घेतलेला. अप्पांचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान केजच्या बसस्थानकासमोर होते आणि त्यांच्या ऑर्केस्ट्राची तालीम मागच्या खोलीत चाले.

“रॅक म्हनतेत ह्याला,” अप्पा म्हणाले. “तिन्ही पेडलचं काम ह्यो एकटाच करतोय. रविवारी जत्रेत हे वाजनार. तुझे पेडल घरी ठेव.”

बिभीषण ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. एरवी तो विहिरीवरच्या मोटारींचे वाइंडिंग करी. पेडल त्याचे स्वतःचे होते, साबणाच्या डबीएवढे, लोखंडी. एकाने आवाज खरखरीत होई, दुसऱ्याने घुमे, तिसऱ्याने लांबत जाई. दोन्ही हात गिटारवर असताना आवाज बदलायचा तो पायाने. स्टेजवर तो अनवाणी असे. बुटात बटणाचा अंदाज लागत नाही.

“कावून?” त्याने विचारले.

“जत्रेच्या कमिटीचा निरोप हाय. साजाला पाय लावायचा न्हाई. देवाच्या दारातला कार्यक्रम हाय.”

“पायपेटी कशानं वाजवतेत, अप्पा? शिलाई मशीन कशानं चालतंय? दसऱ्याला तिलाबी हळदकुंकू लावतेतच की.”

“ते मला नको सांगू. कमिटीला सांग.”

“सांगतो. कोन बोललं त्यातलं?”

अप्पा डब्यासोबत आलेली पुस्तिका चाळू लागले. रॅकबरोबर पायाने दाबायच्या बटणांचा एक पट्टा मिळतो, असा त्यात फोटो होता. तो पट्टा अप्पांनी मागवला नव्हता. रॅक स्टेजच्या कोपऱ्यात ॲम्प्लिफायरशेजारी राहणार होता आणि त्याची बटणे साउंड सांभाळणारा मुंजाजी फिरवणार होता. डबा पसंत पडला नाही तर शनिवारपर्यंत परत पाठवता येणार होता.

मागच्या खोलीत त्यांनी तो जोडून पाहिला. आवाज चांगला होता. पेडलच्या आवाजामागे जी बारीक घरघर असते, ती यात नव्हती. बिभीषणने ते कबूल केले. मग गाण्याचा मधला तुकडा आला. आवाज जिथे फाटायला हवा, तिथे तो फाटला नाही. फाटला तेव्हा तुकडा पुढे गेला होता.

“तू मान हलव, मी लगीच फिरवतो,” मुंजाजी म्हणाला.

“मान हलवू का वाजवू बे?”

“समोर पोरी बसल्यावर बरी हलती तुझी. तशीच हलव.”

तिसऱ्या वेळीही मुंजाजी अर्धी मात्रा मागे राहिला. बिभीषणने गिटार गळ्यातून काढून भिंतीला टेकवली.

“ह्याच्यापेक्षा कॅसेट लावा. मी नुसता हुबा ऱ्हातो.”

शिवकन्या साडेअकराच्या एसटीने परळीहून आली होती. ऑर्केस्ट्राची गायिका ती. चहा घेता घेता तिने सगळे ऐकून घेतले आणि कप खाली ठेवला.

“गेल्या साली मी त्याच स्टेजवर गायलते, लातूरच्या पार्टीसंगं. त्यांचा गिटारवाला बूट घालून पेडल दाबीत हुता. शेवटी कमिटीनं त्याला शाल-नारळ दिला.”

मुंजाजी वायर कोपरावर गुंडाळत राहिला.

जत्रेच्या त्या गावात पालखीपुढे बिभीषणचे वडील हरिबा तेवीस वर्षे हलगी वाजवत आले होते. देवळाच्या पायरीपर्यंत. पायरी ते कधी चढले नव्हते. आणि यंदाचे स्टेज देवळाच्या ओट्यावर होते.

“अप्पा,” बिभीषण म्हणाला, “पाय लावायचा न्हाई म्हनले, का माझा पाय लावायचा न्हाई म्हनले?”

अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“तुला काढतोय का मी? ते म्हनले, गिटारला दुसरा मानूस आना. मी म्हनलं, पायाचं काय ते मी बघतो. एवढा डबा पुण्याहून मागवला, कुनासाठी? तुला वाजवाय मिळावं म्हनूनच ना?”

“मग हात कसा चालतोय त्यांना?”

“लई खोलात जाऊ नको, बिभीषण.”

“न्हाई जात. मला लिहून आनून द्या. बिभीषण हरिबा ह्यानं साजाला पाय लावू नये, एवढंच. नाव घालून, खाली सही. कागद आला की मी रॅकवर वाजवतो, न्हाई आला तर पेडलवर. मान बी हलवतो.”

त्याने तिन्ही पेडल पिशवीत टाकले आणि तो कामावर गेला.

बुधवारी अप्पा स्वतः जीपने त्या गावी गेले. कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, तोंडी सांगितले तेवढे पुरे, असले कोणी लिहून देते का. शुक्रवारी अप्पांनी चिठ्ठी पाठवली. उलट निरोप आला की कमिटी असे काही बोललेलीच नाही, कोणी काय वाजवायचे ते ऑर्केस्ट्रावाल्यांनी ठरवावे. अप्पांनी तो निरोप बिभीषणला सांगितला. सांगताना ते दुकानाच्या पायरीवर उभे होते आणि त्यांचा आवाज चढलेला होता. कोणावर, ते कळत नव्हते.

शनिवारी रॅक परत गेला नाही.

रविवारी दुपारी चार वाजता टेम्पो भरला. स्पीकर, ड्रम, त्यावर ताडपत्री. रॅक मुंजाजीने गादीत गुंडाळून मधोमध ठेवला. बिभीषण ड्रायव्हरशेजारी बसला, मांडीवर पेडलची पिशवी. अप्पांनी पिशवीकडे पाहिले, दार लावून घेतले आणि ते मागे शिवकन्येजवळच्या बाकड्यावर जाऊन बसले.

सव्वाचारला टेम्पो केजमधून निघाला. तोपर्यंत कागद आलेला नव्हता.