ढोलबंदीत ऐकलेलं पाऊल

ओकांतेनं फोनवर मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "काई, ढोलबंदी उठली की मग ये. आत्ता इथं नुसतं मसण झालंय. पोरांच्या अंगात जोरच येत नाही."

पण लिव्हरपूलच्या प्रमोटरला दम निघत नव्हता आणि मलाही नाही. होमोवोच्या सणाआधीच्या त्या महिन्यात सगळ्या आक्रा शहरात ढोल नाही, भोंगा नाही, मयताला रडायचं तेही दबक्या आवाजात. म्हटलं, मला माणूस बघायचाय, गाणी ऐकायची नाहीत. टेशीहून निघाले आणि सकाळी मुष्टियोद्ध्यांच्या वस्तीत, बुकोममध्ये हजर झाले.

माझं काम एका वाक्यात सांगता येतं. बड्या वजनाचा मुष्टियोद्धा बघायचा आणि त्याच्यात अजून किती लढती शिल्लक आहेत ते परदेशातल्या धंदेवाल्यांना कळवायचं. आमच्याकडे हलकी, चपळ पोरं गल्लोगल्ली मिळतात, धिप्पाड माणूस क्वचित. त्यामुळे असा एखादा सापडला की वस्ती त्याला डोक्यावर घेते आणि मग त्याचे दोष कुणाला दिसत नाहीत. कागदावर तर सगळेच अजिंक्य असतात. त्यांच्याकडून हरलेल्यांत निम्मे टॅक्सीवाले होते, हे कागद कशाला सांगेल? म्हणून मी कागदाला हात लावत नाही. मान बघते, श्वास बघते, खुर्चीतून उठताना माणूस हात कुठं टेकतो ते बघते.

आज बघायचा होता तो बोर्केटे. वय चौतीस, क्रूझरवेट. म्हणजे दोनशे पौंडांच्या आतला. त्याच्या वर गेलं की सगळे हेवीवेट, मग समोरचा रेडा का असेना. प्रमोटरला बोर्केटेला खाऊपिऊ घालून वर चढवायचं होतं आणि आपल्या नव्या पोरासमोर उभं करायचं होतं. तो पोरगा पावणेतीनशे पौंडांचा. मला हे पहिल्यापासूनच रुचलं नव्हतं. पण चौतिशीच्या क्रूझरवेटला दुसरं कोण विचारतं? हा सामना मिळाला तर मिळाला, नाहीतर संपलं. आणि तो मिळणं माझ्या शब्दावर होतं.

"ये गं सुकट," ओकांते दारातच म्हणाला. तो बोर्केटेचा कोच, माझा लहानपणापासूनचा शेजारी. "केंके खाल्लंस का?"

"खाल्लं. तुझं पोट मात्र कधीच हेवीवेटमध्ये गेलंय."

तो हसला, पण नेहमीसारखा नाही. अंगणात भिंतीवरच्या स्पीकरवर चादर टाकली होती, घंटेला चिंधी बांधली होती. ओकांतेनं हात वर केला की फेरी सुरू, खाली केला की बंद. बोर्केटे एकटाच हवेत ठोसे मारत रिंगणात फिरत होता. खरं सांगते, बघत राहावं असा. डावा हात सापासारखा सुटायचा, खांदे सैल, मान खांबासारखी. मनातल्या मनात मी होकार देऊनही टाकला होता.

तेवढ्यात तहान लागली. पाण्याची पिशवी दातांनी फोडायला मी पाठ फिरवली, आणि ऐकू आलं. टप, सर्र. टप, सर्र.

एक पाय उचलला जात होता. दुसरा घासत होता.

हा आवाज मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकलाय. माझा भाऊ अनांग क्रूझरवेटच होता. डोक्यावर ठोसे खाऊन खाऊन आधी त्याचा पाय असा घासायला लागला, मग जीभ जड झाली, मग त्याला घास भरवावा लागला. शेवटी तो मला आई म्हणायचा.

मी वळले. अंगणातला एकही माणूस बोर्केटेकडे बघत नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. एकानं उगाच दोरीवरच्या उड्या सुरू केल्या. ओकांतेला खोकला लागला. एका म्हाताऱ्यानं झाडू उचलला आणि झाडलेलंच अंगण खराखरा झाडायला घेतलं.

"आत्ताच सुचलं का झाडायला?" मी ओरडले.

"वाळू आहे गं," ओकांते म्हणाला. "बुटाखाली येते."

"एकाच बुटाखाली?"

तो जवळ आला, हळू बोलायला लागला. "एक सामना, काई. एकच. पोरीबाळी आहेत त्याला. तू नाही म्हणालीस तर काय करेल तो? बंदरावर ओझी उचलेल?"

"उचलेल. आणि संध्याकाळी पोरींना नावानं हाक मारेल."

बोर्केटे घाम पुसत आला. "आंटी, कसा वाटलो?" चेहरा लहान मुलासारखा फुललेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ह्या अंगणात एकट्या ह्यालाच माहीत नाही.

"सगळे गप्प बसा," मी म्हटलं. "तू चाल. त्या भिंतीपर्यंत. आणि ऐक."

तो हसत निघाला. मधेच हसू गेलं. भिंतीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग ओकांतेसमोर उभा राहिला. "कधीपासून?"

"ईस्टरपासून," ओकांते खाली बघत म्हणाला.

"म्हणून तेव्हापासून गाणी एवढ्या मोठ्यानं लावायचात?"

बोर्केटे बराच वेळ स्पीकरवरच्या चादरीकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "आंटी, लिव्हरपूलला ढोलबंदी असते का?"

"नाही."

"मग तिथं कोण ऐकणार?"

"मी ऐकलंय, बाळा. मी 'नाही' असंच कळवणार. डॉक्टरकडे चल, मी येते बरोबर."

तो "बरं" म्हणाला. इतक्या शांतपणे म्हणाला, की मला भीतीच वाटली.

मी नकार कळवला, कारणासकट. प्रमोटरचं उत्तर आलं नाही. बोर्केटेनं माझे फोन उचलले नाहीत. बंदी उठली त्या दिवशी समजलं, की जोहान्सबर्गहून दुसरा कुणीतरी बोर्केटेला बघायला येतोय. मी तशीच धावले.

सगळ्या बुकोमवर ढोल कोसळत होते. अंगणात चादर निघाली होती, स्पीकर भिंतीसकट थरथरत होता. पाहुणा खुर्चीत बसून पायानं ताल धरत होता. मी त्याच्या कानाशी ओरडले, "गाणं बंद करायला सांगा! एकदाच! त्याचा पाय ऐका!"

त्यानं कानावर हात धरला आणि हसून मान हलवली. ऐकूच येत नव्हतं त्याला.

बोर्केटेनं मला पाहिलं. तो रिंगमधून उतरला, सावकाश स्पीकरपाशी गेला. धुळीत त्याच्या डाव्या पायाची रेघ उमटत गेली. मला वाटलं, बंद करतोय.

त्यानं माझ्याकडे बघत आवाज वाढवायचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.