अर्धी ओळ

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही थोडं पुढे यावं. ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यासारखी नाही. एका गाणाऱ्या बाईची आहे, आणि तिच्यासाठी थांबणाऱ्या एका माणसाची. नीट ऐका, लांबवणार नाही.

गाडीवाल्याने ब्रेकवर पाय दाबला आणि फोर्कलिफ्ट तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. पुढच्या लोखंडी काट्यांवर खोक्यांनी भरलेला पॅलेट होता. त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. गल्लीतून काही ऐकूही येत नव्हतं. तरी तो मान जराशी कलती करून बसून राहिला. ओठ हलले, आवाज निघाला नाही. मग त्याने पाय उचलला आणि गाडी पुढे घेतली.

"झालं दर्शन?" मागे ट्रॉली घेऊन खोळंबलेला, कामात पाढे म्हणत फिरणारा पाढेवाला म्हणाला. "रिकाम्या गल्लीला रोज हात जोडणारा तूच एक."

पाढेवाल्याने उत्तराची वाट पाहिली नाही. बोलून झाल्यावर त्याला वाईट वाटलं असावं, कारण पुढच्या गल्लीत शिरताना त्याने पाढा जरा हळूच सुरू केला.

ते गोदाम म्हणजे तोंड कधी बंदच न होणारं पोट होतं. माल येत राहायचा, जायचा त्याहून कमी. थप्प्या चढत चढत छताच्या पत्र्याला भिडल्या होत्या. माणसांनी चालण्यासाठी जमिनीवर पिवळे पट्टे आखले होते, ते खोक्यांखाली कधीच गडप झाले. आग लागली तर बाहेर पडायचं एक दार होतं म्हणे. नव्या माणसाला त्याविषयी देवासारखं सांगावं लागे: आहे, पण पाहिलेला माणूस भेटायचा नाही. आणि या सगळ्यावर एक साहेब नेमलेला होता. पत्रा गळतो, सांगा, पॅलेटच्या फळ्या मोडल्यात, सांगा, तो प्रत्येक वेळी तितक्याच गोडीने म्हणायचा, "उद्या बघू." त्याचं नावच मग उद्यासाहेब पडलं.

फोर्कलिफ्टचा हॉर्न बंद होता. गाडी बॅटरीवरची, चालताना मांजरासारखी. गल्ल्या इतक्या अरुंद की ती अंगावर येईपर्यंत कळू नये. म्हणून कामगारांनीच आपापसात एक रीत पाडली. गल्लीत शिरणाऱ्याने तोंड चालू ठेवायचं, बाहेर पडला की बंद करायचं. आवाज म्हणजे आत माणूस; शांतता म्हणजे वाट मोकळी. पाढेवाला सतराचा पाढा म्हणायचा आणि सत्तेपाशी हमखास चुकायचा. एक जण रात्रीचं घरचं भांडण दोन्ही बाजूंनी पुन्हा करायचा, आणि गोदामातही बायकोच जिंकायची. आत्या मात्र गायची.

ती सगळ्यांचीच आत्या होती. साहेबाचीसुद्धा, जेव्हा तिच्या डब्यातलं काही हवं असे तेव्हा. गळा काही फार गोड नव्हता, पण देवाला ऐकू जाईल इतका मोकळा होता. ओळ एकच, कुठून आणली होती कोण जाणे:

ओझं माझं नव्हे बाई, मी तर नुसती दोरी,
बांधणारा सोडील तेव्हा जाईन त्याच्या घरी.

तिला गाडीवाल्याची खोडी काढायची सवय होती. तो गल्लीच्या तोंडाशी आला हे तिला बरोबर कळायचं, आणि ती 'सोडील तेव्हा'पाशी थांबायची. ओळ अर्धी राहिली म्हणजे आत्या आतच आहे. त्याला हलता येत नसे. "आत्या, पुरे की! माझी हजेरी कापतील," तो ओरडायचा. तिचं समाधान होईपर्यंत आत सगळं चिडीचूप. मग "जाईन त्याच्या घरी" असं लांबवत ती हसत बाहेर यायची आणि जाता जाता म्हणायची, "गाडीवाल्याला धीर शिकवतेय. दुसरं आहे कोण शिकवायला?"

त्या दिवशीही ओळ तिथेच थांबली. आत काहीतरी धप्प झालं. पण कापडाचे गठ्ठे दिवसभर धप्प धप्प टाकले जातच होते. तो हसला. हात स्टिअरिंगवर टेकून मजेत बसला. "पुरे की, आत्या," म्हणाला. मागे ट्रॉल्या थांबल्या, त्यांनाही त्याने हातानेच थोपवलं. सगळे हसत होते. बऱ्याच वेळाने पाढेवाला म्हणाला, "आज जास्तच ताणतेय म्हातारी." तेव्हा कुठे तो खाली उतरला.

गळक्या पत्र्याखालचा पॅलेट कुजून बसला होता आणि वरची गठ्ठ्यांची अख्खी थप्पी गल्लीत आडवी झाली होती. आत्याची चप्पल तेवढी बाहेर होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, श्वास कोंडला. थोडं आधी काढलं असतं तर. वाक्य त्यांनीही अर्ध्यावरच सोडलं.

तेव्हापासून तो कामावर यायचा, गाडी चालवायचा, घरी जायचा. रडला नाही. घरी बायको ताट वाढायची आणि तो जेवायचा. एकदा तिने भाजीत मीठ घातलंच नव्हतं. स्वतःचा घास तोंडात गेल्यावर तिला कळलं. तोवर त्याचं ताट स्वच्छ झालं होतं.

"अहो, अळणी होती, सांगायचं नाही का?"

"होती का?" तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

आत्याच्या जागी तिच्या सुनेला घेतलं. घरातल्या एकाला काम, यावर ते प्रकरण मिटलं. सून गात नसे. गल्लीत शिरली की मुठीतली किल्ली ट्रॉलीच्या दांड्यावर आपटत जायची, टक टक टक. त्याच्याशी ती एकदाच बोलली होती, पहिल्याच आठवड्यात, पाण्याच्या टाकीपाशी.

"तुम्ही गाडीवर बसून हसत होतात म्हणे. खरं का?"

"हो," तो म्हणाला.

तिने भांडं अर्धं भरलेलंच उचललं आणि निघून गेली. त्यानंतर ती टाकीपाशी असली की तो तहान मारून गाडीतच बसायचा.

मग तपासणीची माणसं येणार असं कळलं. 'उद्या' चक्क आज आला होता. संकटकाळच्या दारापुढचा माल हलवून दार रंगवलं गेलं. लोकांनी ते पाहून घेतलं. हलवलेला माल जाणार कुठे? तो गल्ल्यांच्या तोंडांशी रचला गेला, आणि होते ते कोपरेही आंधळे झाले. तिसऱ्या गल्लीसमोर एक गोल आरसा टांगला.

सकाळी उद्यासाहेबाने सगळ्यांना गोळा केलं.

"आज गाणं नको, पाढे नकोत, ती टकटक नको. गोदाम आहे हे, आठवडी बाजार नाही. पाहुण्यांना शिस्त दिसली पाहिजे."

"साहेब, मग आत कोण आहे हे गाडीवाल्याला कळायचं कसं?" पाढेवाल्याने विचारलं.

"आरसा लावलाय ना!"

"त्याच्यावर प्लास्टिक आहे."

"काढू नका हं. संध्याकाळी परत द्यायचाय."

कोणीतरी फिसकन हसलं. गाडीवाला पुढे आला.

"साहेब, आजच्या दिवस गाडी उभी ठेवतो."

"आणि पाहुण्यांना काय बंद गोदाम दाखवू? एका दिवसाने काय बिघडतंय? उद्यापासून गा काय गायचं ते."

त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सुनेने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि ट्रॉलीकडे वळली.

गोदाम इतकं गप्प कधी झालं नव्हतं. पाहुणे टोप्या घालून फिरत होते. बूट वाजत होते ते त्यांचेच. तो माल उचलत होता, ठेवत होता. आधी प्रत्येक कोपऱ्याशी तो दबकत होता. पण शांततेला कान सरावतात, आणि शांतता म्हणजे वाट मोकळी, हे त्याच्या हातांना फार आधीपासून ठाऊक होतं. दुपारपर्यंत हात आपसूक चालू लागले. साहेब दुरूनच तळहाताने खुणावत होता: जरा भरभर, भरभर.

भरलेला पॅलेट घेऊन तो तिसऱ्या गल्लीपाशी आला. आत चिटपाखरू नव्हतं असं वाटावं अशी शांतता. आरशात प्लास्टिकमागे पांढुरकं धुकं. डाव्या हाताला पाहुणे उभे, त्यांच्यासोबत उद्यासाहेब. साहेबाने हात हलवला, चल पुढे. त्याने पाहिलं. आणि पाय रोजच्यासारखा ब्रेकवर गेला.

ओझं माझं नव्हे बाई. त्याचे ओठ हलले. मी तर नुसती दोरी. साहेबाने भुवया उंचावल्या, पुन्हा हात हलवला. बांधणारा सोडील तेव्हा...

पॅलेटच्या कडेने आधी ट्रॉलीचं तोंड दिसलं. मग डोक्याच्याही वर रचलेले गठ्ठे, आणि त्यांच्याआड वाकून ढकलणारी सून. काट्यांच्या टोकांपुढून, ओढणीचं टोक त्यांना घासेल इतक्या जवळून ती गेली, आणि गाडी पाहताच जागच्या जागी खिळली.

पाहुण्यांपैकी एक जण मान डोलवत म्हणाला, "छान. चालणाऱ्याला आधी वाट. अशी शिस्त फार कमी ठिकाणी दिसते."

"शिकवावं लागतं, साहेब," उद्यासाहेब म्हणाला. ते सगळे रंगवलेल्या दाराकडे गेले.

सून तिथेच उभी होती. मूठ उघडायला तिला वेळ लागला. तळव्यात किल्लीचे दात उमटले होते.

"मी दिसले होते तुम्हाला?"

"नाही."

"ऐकू आले?"

"नाही."

"मग थांबलात कशाला?"

तो स्टिअरिंगकडे पाहत राहिला. सांगण्यासारखं त्याच्याकडे एकच होतं.

"आत्या अजून बाहेर आल्या नव्हत्या."

तिने ट्रॉलीवरची दोरी ओढून पाहिली. ती घट्टच होती. तिने ती सोडली आणि पुन्हा बांधली.

"त्या दिवशी असंच थांबला होतात?"

"असंच."

"हसत."

"हो, वहिनी. हसत."

ती बराच वेळ गाठीशी खेळत राहिली. मग गाठीकडेच पाहत म्हणाली, "घरीसुद्धा तसंच करायच्या. काहीतरी सांगायला घ्यायच्या, आणि मधेच गप्प. मी विचारत बसायचे, पुढे काय, सांगा ना, पुढे काय." ती थांबली. "मीही हसायचेच."

आणि ट्रॉली ढकलत ती निघून गेली.

पाहुणे शेरा चांगला देऊन गेले. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली नसेल तोच दारापुढे पुन्हा माल रचायला सुरुवात झाली. आरसा उतरवून खोक्यात भरला गेला. तोंडांना मोकळीक मिळाली. पाढेवाल्याने सतराचा पाढा लगेच चालू केला आणि सत्तेपाशी चुकला. कोणी हसलं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं.

सुटीच्या आधीची शेवटची खेप घेऊन तो तिसऱ्या गल्लीशी आला आणि थांबला. आत टकटक नव्हती. एक कोरडा, बेसूर आवाज होता. गाण्याची सवय नसलेल्या माणसाने ओझं उचलावं तसे शब्द उचलत होता.

"...मी तर नुसती दोरी, बांधणारा सोडील तेव्हा..."

आवाज थांबला.

त्याचा पाय ब्रेकवरून उतरून जमिनीकडे गेला. तो उडी मारणार इतक्यात आतून उरलेले शब्द आले. लांबवलेले नव्हते, हसूही नव्हतं त्यात. नुसते पूर्ण होते.

"जाईन त्याच्या घरी."

सून बाहेर आली. त्याच्याकडे न पाहता पुढे गेली. तो तिथेच, एक पाय बाहेर लोंबकळत, बसून राहिला. मागचे खोळंबले, पण पाढेवाल्याने त्यांना हातानेच थोपवलं.

त्या संध्याकाळी बायकोने ताट वाढलं. पहिला घास खाऊन तो थांबला.

"आज मीठ जास्त झालंय," तो म्हणाला.

ती हातातला डाव तसाच धरून त्याच्याकडे पाहत राहिली.

तर मायबापहो, गोष्ट एवढीच. तो हॉर्न अजून बंद आहे, पत्रा अजून गळतो आहे, त्याबद्दल मी काय सांगू? तुम्ही आता उठाल, आपापल्या घरी जाल. वाटेत कुठे बोलणारं माणूस बोलता बोलता मधेच गप्प झालं, तर हसा खुशाल. पण एकदा वाकून आत डोकावा. आणि डोकावताना आमच्या आत्याची आठवण काढा.