टेकडीवरचं पाइनचं रोप

मित्रांनो, मी एक जुनी टेकडी आहे, नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनजवळच्या माळावरची. उंची जेमतेम तीन मजली घराएवढी. पण या सपाट देशात वासरात लंगडी गाय शहाणी. वाऱ्याने वाळू आणून मला घडवलं. मेंढ्यांच्या खुरांनी अंगावर वाटा पडल्या. ऑगस्टमध्ये हेदरच्या बुटक्या झुडपांची जांभळी फुलं मला झाकून टाकत आणि माणसं कौतुकाने पाहायला येत. पुढे मेंढ्या गेल्या, सायकलींचा रस्ता दुसरीकडून झाला आणि माझ्या वाटा गवताने गिळल्या.

एकच वाट उरली, श्रीनिवासरावांची. बायको गेल्यावर ते पुण्याहून लेकीकडे राहायला आले होते. घरातले सगळे बाहेर पडले, की ते पाण्याची बाटली घेऊन चढायचे आणि माथ्यावर आपोआप उगवलेल्या पाइनच्या रोपाला पाणी घालायचे. "काय बाळासाहेब, झोप झाली का?" असं त्याला रोज विचारायचे. मी कान देऊन ऐकायची.

मला मात्र धास्ती होती. झाड मोठं झालं, की त्याच्या सावलीत माझं हेदर मरणार. आणि रोप उपटलं, तर श्रीनिवासराव येणार कशाला?

एका रविवारी नात चारुता त्यांच्याबरोबर आली. रोप पाहून तिने कपाळाला हात लावला.

"आजोबा, इथे ट्रीज ग्रो करायच्या नसतात. हेदर मरतं. शाळेतून येऊन आम्ही ही रोपं काढतो."

"अगं, पुण्यात टेकडीवर आम्ही कॅन भरभरून पाणी न्यायचो. झाडं जगावीत म्हणून."

"बट धिस इज नॉट पुणे, आजोबा."

श्रीनिवासराव रोपापाशी खाली बसले. मग त्यांनी हातांनीच वाळू उकरली, रोप मुळांसकट सोडवलं आणि ओल्या रुमालात गुंडाळलं. खड्डा बुजवून त्यावर हात ठेवला.

"चुकलं गं माझं," ते म्हणाले. इतक्या दिवसांत ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

त्यानंतर ते आले नाहीत. शाळेबरोबर आलेली चारुता मैत्रिणीला सांगत होती, की रोप आता बाल्कनीत कुंडीत आहे. पाणी घालायला त्यांना चढावं लागत नाही.

यंदा हेदर भरभरून फुललं. श्रीनिवासरावांच्या वाटेवरही गवत आलंय. मित्रांनो, माया करावी, पण समोरच्याला काय हवं ते आधी विचारावं. मला पाणी नको, झाड नको. रिकाम्या हातांनी या, पण या.