केशरी गोळ्या आणि दहा मेंढे

व्हर्ना टॉलसन सलग दोन वर्षं मेंढ्यांपाशी हरली होती. आयडाहोतल्या तिच्या नेमबाजी क्लबच्या स्पर्धेत चाळीस गोळ्या झाडायच्या असत. लोखंडी पत्र्याच्या कोंबड्या, डुकरं, टर्की आणि शेवटी दोनशे मीटरवरचे दहा मेंढे, हे सगळे पाडायचे. पहिल्या तिसांत ती कुणाला हार जायची नाही. पण घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांनी तोवर बंदुकीची नळी आतून लिंपली जाई आणि मेंढ्यांच्या वेळी नेम भरकटे.

"तांब्याचं कवच असलेल्या विकत घे ना," सलग पाच वर्षं जिंकत आलेला ड्वाइट ॲस्क्रेन म्हणायचा. "साचे घेऊन किती दिवस बसणार?"

"जिंकेपर्यंत," ती म्हणायची.

त्या हिवाळ्यात तिने गोळ्यांवर रंगाच्या पावडरीचा लेप चढवायचं ठरवलं. लेप असला की शिसं नळीला चिकटत नाही, असं तिने ऐकलं होतं. डब्यात गोळ्या आणि केशरी पावडर घालून ती खळखळ हलवायची, मग गॅरेजमधल्या जुन्या ओव्हनमध्ये भाजायची. पहिल्या घाण्यातली गोळी तिने ऐरणीवर ठेवून हातोड्याने ठोकली. लेपाच्या खपल्या उडाल्या. दुसरा घाणाही तसाच.

"बंदुकीच्या गोळ्या आहेत की लिमलेटच्या?" नवरा मर्ल दारातून म्हणाला.

"हस तू. चूक कुठे होतेय ते सांग आधी."

चूक तिलाच सापडली. तिने ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवला, तर ओव्हनचा काटा चारशे अंश फॅरनहाइट दाखवत असताना आत जेमतेम सव्वातीनशे होते. तिने आच वाढवली. पुढच्या घाण्यातली गोळी ठोकून ठोकून नाण्यासारखी चपटी झाली, पण लेप जागचा हलला नाही. लेपाने गोळी जाड होते, म्हणून तिने प्रत्येक गोळी मापाच्या साच्यातून दाबून काढली आणि मार्च संपेपर्यंत ती काडतुसांच्या पुंगळ्या भरत राहिली.

जूनमधल्या स्पर्धेत ड्वाइटने चौतीस पाडले. तीस गोळ्यांनंतर व्हर्नाचे सव्वीस होते. जिंकायला दहातले नऊ मेंढे हवे होते.

पहिले पाच एकामागून एक आडवे झाले. मर्ल शेजारी दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. सहावी गोळी वाऱ्याने उजवीकडे नेली.

"डावीकडे धर. एक बोटभर," तो हळूच म्हणाला.

सातवा पडला. आठव्याच्या पायावर गोळी लागली, तो गरकन फिरून कलंडला. नववा पडला. आता तिने बंदूक खाली घेतली, तळवे पँटला पुसले आणि पुन्हा खांद्याला लावली. गोळी सुटली. क्षणभर काहीच नाही. मग मेंढा मागे पडला आणि टणत्कार ऐकू आला.

"पस्तीस," मर्ल म्हणाला.

ड्वाइट उठून आला. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून त्याने नळी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ आत पाहिलं. "आरशासारखी आहे," तो म्हणाला. "शिकवशील?"

"शनिवारी ये. जुने कपडे घालून ये."

बावीस वर्षं शाळेची बस चालवताना तिने उगाच कधी हॉर्न वाजवला नव्हता. त्या दिवशी गावात शिरल्यापासून घराच्या फाटकापर्यंत तिने हॉर्नवरचा हात काढला नाही.