तारखेला हजर

त्या माणसाला गल्लीत सगळे 'जावई' म्हणायचे. सरकारचा जावई. न्यायचं, काही दिवस पाहुणचार करायचा आणि मोकळं सोडायचं, असा त्याचा शिरस्ता पडून गेला होता. कधी तो दुकानाचं कुलूप तोडायचा, कधी उभ्या गाडीतलं सामान उचलायचा, कधी बायकांच्या खांद्यावरची पर्स ओढायचा. पोलीस त्याला पकडत नव्हते असंही नाही, दर वेळी पकडायचे. पण जरा दिवस गेले की हा पुन्हा कोपऱ्यावर हजर, भिंतीला टेकून, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत.

त्यानं शिंपीणबाईंच्या नणंदेची पर्स ओढली ती भर दुपारी, त्यांच्या शिलाईच्या दुकानासमोर. शिंपीणबाई आत मशीनवर होत्या. बाहेर काहीतरी आपटल्याचा आवाज आला म्हणून धावल्या, तर नणंद रस्त्यावर पडलेली आणि तिचा उजवा हात अंगाखाली मुडपलेला. पर्समध्ये होतं काय? रक्तदाबाच्या गोळ्या, घराची किल्ली आणि एक रुमाल. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आणि जुळलं ते वाकडंच जुळलं.

ही नणंद नवऱ्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर दोघी नणंद-भावजयांनीच दुकान चालवलं होतं. कापणं, शिवणं वहिनीचं आणि काजं-बटणं नणंदेची. तिच्या हातचं काज बघायला लोक शर्ट उलटा करायचे. आता तिला सुईत दोरासुद्धा ओवता येईना. त्याहून वाईट म्हणजे ती घराबाहेर पडेना. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून राहायची आणि पुढे कुणाचं पाऊल वाजलं की विचारायची, "कोण आहे गं?"

जावई तिसऱ्याच दिवशी पकडला गेला, आणि महिना उलटायच्या आत जामिनावर सुटून कोपऱ्यावर येऊन उभा राहिला.

गल्ली खवळली. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात सगळे जमले. दुकानाच्या मालकांना सगळे खिळेशेठ म्हणत. माणूस आडदांड, आवाज त्याहून मोठा. पर्स ओढली गेली तेव्हा त्यांनी आपल्या गल्ल्यावरून सगळं पाहिलं होतं.

"कोर्ट-बिर्ट काही खरं नाही," खिळेशेठ म्हणाले. "चोर मोकळा आणि आपण मात्र कड्या-कोयंड्यांच्या आत. पुढच्या वेळी सापडला की हातच मोडायचे. मिटला प्रश्न."

"साक्ष द्याल ना तुम्ही?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"वहिनी, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

"मग मी चढते. मला कुणी शहाणी म्हटलेलं नाही अजून."

लोक हसले. शिंपीणबाई मात्र दुसऱ्याच दिवशी दुकान बंद करून खरोखरच कोर्टात गेल्या.

सरकारी वकीलबाई वयानं लहान होत्या, पण चेहरा दमलेला. बगलेत फायलींचा ढीग घेऊन या खोलीतून त्या खोलीत पळत होत्या. शिंपीणबाईंनी त्यांना जिन्यातच गाठलं आणि सरळ विचारलं, "हा माणूस दर वेळी सुटतो कसा?"

वकीलबाई थांबल्या. कदाचित इतकं सरळ कुणी विचारत नसावं. "साक्षीदार येत नाहीत म्हणून. एक तारीख येतात, दोन तारखा येतात, मग कंटाळतात. समोरचा वकील मुदत मागत राहतो. शेवटी कोर्ट तरी कुणाच्या तोंडाकडे बघून शिक्षा देणार? तुमच्याच गल्लीतली दुकानफोडीची केस होती. फिर्यादीच आला नाही. सुटला."

"फिर्यादी कोण होता?"

"ते हार्डवेअरवाले."

शिंपीणबाईंनी हे गल्लीत कुणाला सांगितलं नाही. चारचौघांत कुणाची अब्रू काढून माणूस आपल्या बाजूला येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. फक्त त्या दिवसापासून त्यांनी एकही तारीख चुकवली नाही. कधी न्यायाधीश रजेवर, कधी आरोपीचा वकील आजारी, कधी फाईलच सापडत नाही. दिवसभर बाकावर बसायचं आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत यायचं. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली तेव्हा त्यांनी शिलाईचं काम पहाटे उरकायला सुरुवात केली. कोर्टातला पुकारा करणारा शिपाई त्यांना ओळखू लागला आणि पंख्याखालची जागा राखून ठेवू लागला.

एकदा दुकानात जावयाची आई आली. किरकोळ बांध्याची बाई, कुणाच्या तरी घरी स्वयंपाक करणारी. उभ्या उभ्याच म्हणाली, "मागे घ्या ना केस. वळणावर येईल तो."

"याआधी आला होता?"

बाईनं दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. "सुटून येतो तेव्हा बरं वाटतं हो. घरात जेवायला कुणीतरी असतं. पण दुसऱ्या दिवसापासून छातीत धडधड सुरू होते. दारात कुणी आलं की वाटतं, आता काय केलं यानं?"

"बसा," शिंपीणबाई म्हणाल्या. पाणी दिलं. "केस मी मागे घेणार नाही. तुमच्याशी माझं वैर नाही, पण घेणार नाही."

बाईनं मान हलवली, पाणी प्यायली आणि निघून गेली. आतल्या खोलीतून नणंद म्हणाली, "तीसुद्धा माझ्यासारखीच झालीय गं. पाऊल वाजलं की दचकणारी."

पुढच्याच आठवड्यात दुपारी गल्लीत एकदम ओरडा झाला. कुणाच्या तरी उभ्या गाडीतून बॅग काढताना जावई सापडला होता. शिंपीणबाई गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून बाहेर आल्या, तर दहा-बारा माणसांनी त्याला घेरलेलं. नाकातून रक्त येत होतं. खिळेशेठच्या हातात लोखंडी नळाचा तुकडा होता आणि दोघांनी जावयाचा हात फरशीवर दाबून धरला होता.

शिंपीणबाई अंगानं एवढ्याशा. धक्के खात आत शिरल्या आणि त्या दाबून धरलेल्या हाताशेजारी खाली बसल्या.

"सोडा त्याला. माझा आरोपी आहे तो."

"वहिनी, बाजूला व्हा," खिळेशेठ म्हणाले. "तुमच्या वन्संच्या हाताचा हिशेब करायचाय."

"तुम्ही याचा हात मोडलात की हा फिर्यादी आणि तुम्ही आरोपी. मग तुमच्या तारखांना मी येऊन बसू का? इतके महिने त्या बाकावर बसले ती याला कायद्यानं आत पाठवायला. तुम्ही एका फटक्यात त्यावर पाणी ओतताय."

"आणि पुन्हा सुटला तर?"

शिंपीणबाई उठल्या, खिळेशेठच्या अगदी जवळ गेल्या आणि फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "मागच्या वेळी का सुटला, ते मला वकीलबाईंनी सांगितलंय, शेठ."

खिळेशेठचा चेहरा उतरला. नळाचा तुकडा धरलेला हात हळूहळू खाली आला.

"हात उचलायचाच असेल," त्या म्हणाल्या, "तर शपथ घ्यायला उचला."

पोलीस येईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. जावयानं एकदा वर मान करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार वगैरे काही नव्हते. त्यांना ते नकोही होते.

या वेळी जामीन मिळाला नाही. वकीलबाईंनी धावपळ करून पर्सची केसही लवकर सुनावणीला लावून घेतली. प्रश्न उरला नणंदेचा. ज्या बाईला कोपऱ्यापर्यंत जाण्याचं धाडस नव्हतं, तिनं जावयासमोर उभं राहून बोलायचं होतं.

"मला नाही जमायचं," ती म्हणाली. "तो बघत असणार माझ्याकडे."

"बघू दे. तुम्ही न्यायाधीशबाईंकडे बघा, वन्सं. नाहीतर माझ्याकडे. मी समोरच बसते."

तारखेच्या दिवशी कुणी न सांगता नणंदेनं वेणी घातली आणि ठेवणीतले कपडे काढले. कोर्टात साक्षीला उभी राहिली तेव्हा तिनं लाकडी कठडा डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला. आरोपीच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, "आजी, सगळं क्षणात झालं. अशा घाईत चेहरा कसा पाहिलात तुम्ही?"

"घाई त्याला होती," ती म्हणाली. "मी पर्स सोडली नव्हती. एक बंद त्याच्या हातात, एक माझ्या. तोंडासमोर तोंड होतं."

"सोडली असती तर पडला नसतात."

"नसते पडले."

"मग का नाही सोडली?"

"माझी होती म्हणून."

खोलीत कुणीतरी खोकलं. न्यायाधीशबाईंनी लेखनिकाकडे पाहिलं आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. नणंदेनं कठडा सोडला. तिनं पहिल्यांदाच मान वळवून आरोपीकडे पाहिलं. खाली पाहिलं ते त्यानं.

खिळेशेठ पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांनी पाहिलं ते सगळं नीट सांगितलं. वकिलांनी त्यांनाही पेचात पकडलं, "स्वतःच्या दुकानफोडीच्या केसला तुम्ही हजर राहिला नाहीत. आज दुसऱ्यासाठी एवढी कळकळ कशी?"

खिळेशेठचा मोठा आवाज त्या खोलीत प्रथमच बारीक झाला. "तेव्हा कंटाळलो साहेब. दुकान बंद ठेवणं जिवावर यायचं. मी आलो असतो तर कदाचित या बाईंचं मनगट शाबूत राहिलं असतं. म्हणून आज आलो."

तीन वर्षांची शिक्षा झाली. गल्लीत कुणी म्हणालं, फक्त तीन? कुणी म्हणालं, अपिलात सुटेल. वकीलबाईंनीही सांगितलं की समोरचे अपील करतीलच.

"करू देत," शिंपीणबाई म्हणाल्या. "ते कोर्ट कुठल्या रस्त्याला आहे, तेवढं सांगून ठेवा."

निकालाच्या दिवशी जावयाची आई कोर्टाच्या पायऱ्यांवर एकटीच बसली होती. शिंपीणबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. जावयाची आई म्हणाली, "आज रात्री झोप लागेल बहुतेक." आणि असं बोलल्याबद्दल स्वतःच रडू लागली. शिंपीणबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या, आणि नणंद पायरीखाली उन्हात वाट बघत उभी राहिली.

काही दिवसांनी पलीकडच्या सलूनवाल्यानं दुकानात डोकं घातलं. त्याची मोटारसायकल चोरीला गेली होती, चोर दुसराच होता, आणि त्या केसची तारीख जवळ आली होती.

"जावं म्हणतोय," तो म्हणाला. "पण दिवसभर तिथे एकट्यानं बसायचं म्हणजे..."

शिंपीणबाई उत्तर द्यायच्या आधीच पुढच्या स्टुलावर बसलेली नणंद, डाव्या हातानं बटण टाकायची सवय करता करता, म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर. तिथल्या शिपायाची ओळख आहे आपली. पंख्याखाली बसू."